माझी पाठ आणि वर्षाची चटणी

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, शहाण्णव किलो वजन घेऊन माणसानं भिंतीवरून उडी मारू नये, असं कुठंही लिहून ठेवलेलं नाही. लिहून ठेवायला पाहिजे होतं. आमच्या शिवाजी पेठेत दर दुसऱ्या दारावर 'येथे गाडी लावू नये' असं रंगवलेलं असतं. त्याच्याखाली ही एक ओळ वाढवली असती तर कुणाच्या बापाचं काय जात होतं? माझी अब्रू, बायकोची वर्षाची चटणी आणि एक नवी कोरी बनियन, तिन्ही वाचलं असतं.

यात माझा मुळात काही दोष नाही, हे आधीच सांगतो. दोष माझ्या तोंडाचा आहे.

माझी लेक ऋतुजा सतरा वर्षांची. गेली दोन वर्षं ती पार्कूर करते. पार्कूर म्हणजे रस्ता सोडून बाकी सगळीकडून जाणं. (भिंत आली, भिंतीवरून जायचं. कठडा आला, कठड्यावरून. जिना असला तरी जिन्यावरून जायचं नाही!) मे महिन्यात पुण्याला दहा दिवसांचं शिबिर होतं आणि त्यात तिची निवड झालेली. येते का नाही, हे सोमवारपर्यंत कळवायचं होतं. आणि परवानगी द्यायची होती आबांनी.

आबा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर, जुने पैलवान. आमच्या घरात मी गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान चालवतो, माझी बायको मंगल घर चालवते आणि आबा आम्हा दोघांना चालवतात. त्यामुळं ऋतुजानं आठ दिवस आधीच, रविवारी जेवताना, मटणाचा दुसरा रस्सा वाढून झाल्यावर, म्हणजे आबांचा मूड बघून, विषय काढला.

"उड्या माराय पुण्याला कशाला जायाला पायजे?" आबा म्हणाले. "हितं काय जागा न्हाय व्हय?"

"तसं न्हाय आबा. उड्या मी मारतो की. पण एकाला एक जोडून, मधी न थांबता मारायचं अजून नीट येत न्हाय मला. तिथं तेच शिकवत्यात." (आमच्या कोल्हापूरच्या पोरी 'मी मारतो, मी जातो' असंच बोलतात. पुण्याच्या पाहुण्यांना घाम फुटतो, आम्हाला त्यात काही वाटत नाही.)

"आणि हाडबीड मोडलं म्हंजे? कोण निस्तरणार?"

आता इथं मी गप्प बसायचं होतं. मंगल गप्प होती, ऋतुजा गप्प होती, आबा विरघळायच्या बेताला आले होते. पण माझ्या तोंडात मटणाचा तुकडा होता आणि अंगात उगीचच जोर आला होता.

"त्यात काय हाय आबा! लई सोपं असतंय ते. मी सुद्धा करून दाखवीन!"

मंगलच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. आबांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या पोटाकडं बघितलं. मग परत माझ्याकडं.

"तू?"

"व्हय. मी."

"बरं. येत्या रविवारी, परसात. तुला जमलं तर पोरीला जाऊ दे. तू पडलास तर पुण्याचं नाव काढायचं न्हाय कुणी. वाढ गं मंगल, भात वाढ."

विषय संपला. ऋतुजानं मला हाताला धरून मोरीपाशी नेलं.

"पप्पा, तुम्हाला मधी बोलायला कुणी सांगितलं? मी आबांना बरोबर गुंडाळत आणलं होतं की!"

"अगं, मी तुझ्या बाजूनंच बोललो!"

"असलं बाजूनं बोलण्यापेक्षा विरोधात बोलायचं हुतं!" असं म्हणून ती रडकुंडीला आली, आणि मला पहिल्यांदा कळलं की मी नुसती थाप मारून मोकळा झालेलो नाही, माझ्या पोरीचं पुणं माझ्या दोन गुडघ्यांवर ठेवून मोकळा झालो आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे परसात शिकवणी सुरू झाली. सगळा मार्ग बारा पावलांचा. कमरेएवढा कट्टा, त्यावर हात टेकून पाय बाजूनं पलीकडं टाकायचे. पुढं धुण्याचा दगड, त्यावर एक पाय देऊन उडी. उडी संपली की खांद्यावरून लोळण घ्यायची, त्याच झपाट्यात उठायचं आणि पेरूच्या झाडाला हात लावायचा. बस्स!

"एक संपायच्या आत दुसरी सुरू झाली पायजे," ऋतुजा म्हणाली. "मधी श्वास घ्यायला सुद्धा थांबायचं न्हाय."

कट्टा मी ओलांडला. (दोन वेळा कट्ट्यानं मला ओलांडू दिलं नाही, पण तिसऱ्यांदा दिलं.) ओलांडल्यावर थांबलो, चड्डी वर ओढली, कट्ट्याकडं मागं वळून एकदा अभिमानानं बघितलं आणि मग दगडाकडं निघालो.

"पप्पा! कशाला थांबालायसा?"

"अगं, चड्डी!"

"नाडी बांधा!"

नाडी बांधली. दुसरी खेप. कट्टा झाला, दगडावर पाय ठेवला, एवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "काय पैलवान, च्या झाला काय?" आता समोरून माणूस विचारतोय आणि आपण उडी मारून निघून जायचं, हे कुठल्या संस्कारात बसतंय? मी दगडावरच एका पायावर उभा राहिलो. "झाला की! तुमचा? घरात बरं हाय न्हवं सगळं?" त्यांच्या घरात सगळं बरं असल्याचं, धाकट्याला नोकरी लागल्याचं आणि म्हैस गाभण असल्याचं कळेपर्यंत ऋतुजा कपाळाला हात लावून पायरीवर बसली होती.

पण चड्डी आणि शेजारी या किरकोळ अडचणी. खरा घोळ लोळण घेण्यात झाला.

मी वयाच्या आठव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत तालमीत होतो. अकरा वर्षं रोज पहाटे लाल मातीत एकच गोष्ट शिकलो. काय वाट्टेल ते होऊ दे, हात निसटू दे, मान मुरगळू दे, पण पाठ जमिनीला लावायची नाही. पाठ लागली की कुस्ती गेली. पाठ लागली त्या दिवशी वस्ताद दुधाचा पेला देत नसत आणि आबा घरात बोलत नसत. पुढं कुस्ती सुटली, लग्न झालं, पोट आलं, पण पाठीला हे कुणी कळवलंच नाही! मी उडी मारायचो, हवेत असेपर्यंत सगळं ऋतुजा सांगेल तसं, आणि जमीन जवळ आली रे आली की अंग आपोआप वळायचं आणि मी थपकन पोटावर.

"पप्पा, खांद्यावर पडा. मग पाठीवर. मग उठा."

"मला कळलंय गं. पाठीला कळंना."

"परत."

थपकन पोटावर. तिनं जुनी गादी आणून टाकली. गादीवर पोटावर. डोळे मिटून मारली, तरी पोटावर. मंगळवार गेला, बुधवार गेला. दुकानात कारागीर विचारायचा, "शेठ, सीटला फोम किती जाड टाकू?" मी म्हणायचो, "माणूस पोटावर बसणार असला तर तीन इंची टाका."

शनिवारी ऋतुजानं शेवटचा उपाय काढला. मी गादीवर गुडघे टेकून बसायचं, ती खांदा धरून मला हळूच कलवणार, लहान पोराला शिकवतात तसं. तिनं खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. त्यापुढं काय झालं ते माझ्या हातात नव्हतं. अंगावर हात पडला, जोर आला, आणि माझे दोन्ही हात खाली जाऊन पोरीच्या पायाला घट्ट लागले. कुस्तीतला पट काढला! एका क्षणात ऋतुजा गादीवर उताणी आणि मी तिच्या छातीशी कोपर लावून ओरडलो, "चीत!"

वरच्या गॅलरीतून मंगल म्हणाली, "अहो, लाज हाय काय थोडी? पोटची पोर हाय ती!"

मला वाटलं ऋतुजा चिडेल. ती चिडली नाही. गादीवर तशीच पडून वर बघत राहिली.

"पप्पा, मला खरंच जायचंय हो पुण्याला."

मी कोपर बाजूला घेतलं.

"तुम्हाला वाटतंय मला सगळं येतंय. न्हाय येत. मी पण अडकतो. प्रत्येक उडीच्या आधी मी मनात एक-दोन मोजतो. तीन महिने झाले, ते मोजणं जाईना. कितीबी वेगात पळालो तरी मधी तेवढा जोड दिसतोच. तो घालवायला जायचंय मला. तुम्ही उद्या पोटावर पडलासा की संपलं."

"न्हाय पडत," मी म्हणालो. "तुझ्या गळ्याची शपथ."

"माझ्या नको. तुमच्या घ्या."

रविवार उजाडला. आणि नेमक्या त्याच रविवारी मंगलची वर्षाची चटणी झाली. मंगलच्या भावानं गडहिंग्लजहून संकेश्वरी मिरची आणलेली. मिरची वाळवून, कांदा-लसूण, खोबरं, मसाले सगळं भाजून तळून ती सकाळीच डंकाच्या गिरणीतून कांडून आणली होती. कांडलेली चटणी गरम असते, गार झाल्याशिवाय बरणीत भरत नाहीत. म्हणून तिनं परस स्वच्छ धुतलं आणि पेरूच्या सावलीत जुनी पांढरी चादर अंथरून त्यावर आठ किलो चटणी पसरली. लालभडक, तेलानं चकाकणारी.

"झाडाच्या पलीकडच्या अंगाला हाय," तिनं मला बजावलं. "तुमचं झाडाला हात लावण्यापतुरच हाय न्हवं? त्याच्या फुडं पाऊल टाकायचं न्हाय!"

"मी कशाला जातोय तिकडं?"

दहा वाजता आबा खुर्ची टाकून बसले. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण पेठेत बातमी सांगावी लागत नाही. परसातून वर जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्या खालपासून वरपर्यंत शेजारपाजाऱ्यांनी भरल्या. वाट म्हणून शिल्लक नाही! ऋतुजा वर गॅलरीत मोबाईल घेऊन उभी होती. मी बनियन आणि चड्डी घालून, नाडीला दोन गाठी मारून कट्ट्यासमोर उभा राहिलो.

"कर," आबा म्हणाले.

पळालो. कट्ट्यावर हात टेकले, पाय पलीकडं. थांबलो नाही! "वाऽऽ पैलवान!" कुणीतरी ओरडलं. उत्तर दिलं नाही! दगडावर पाय, उडी. एवढी झकास उडी मी आठवडाभरात मारली नव्हती. हवेत असताना मला वाटलं, जमलं, पोरगी पुण्याला गेली. खाली जमीन आली. मी खांदा पुढं काढला. आणि आबांचा चेहरा दिसला.

अकरा वर्षं ज्या माणसानं माझी पाठ लागताना बघितली की बोलणं सोडलं, तो माणूस दहा फुटांवर बसून माझ्या पाठीकडं बघत होता! अंग वळलं. थपकन पोटावर.

आता लोळण कशासाठी घ्यायची असते, ते मला त्या क्षणी कळलं. अंगातला वेग जिरवण्यासाठी. तो जिरलाच नाही. शहाबादी फरशी, नुकतीच धुतलेली, वर मी शहाण्णव किलो. पेरूचं झाड माझ्या उजव्या हाताला आलं आणि गेलं. (जाता जाता हात लावायचा प्रयत्न केला. लागला नाही.) मंगलची किंकाळी ऐकू आली, "अहो, थांबाऽऽ!" मी थांबलो. आठ किलो चटणीच्या बरोबर मध्यभागी.

पहिला सेकंदभर काही झालं नाही. फक्त वास छान येत होता. मग पोट पेटलं. मग दंड, मग मान. उठायला गेलो तर तेलावरून हात घसरले, आणि मी उताणा पडलो. पसरून, चारी बाजूंनी, अकरा वर्षांत एकदाही पडलो नव्हतो इतका स्वच्छ.

"लागली," आबा शांतपणे म्हणाले. "आता लागली पाठ."

"मेलोऽऽ! पाणी! पाणी आणा!"

"पाणी नको!" मंगल ओरडली. "पाण्यानं आणि पसरंल! ऋतू, दही आण! दह्याचं पातेलं आण आधी!"

दही वरच्या स्वयंपाकघरात. जिना माणसांनी गच्च. वरच्या पायरीवरचा म्हणतोय खालच्याला उठ, खालचा म्हणतोय आधी तू उठ, आणि सगळे जागचे न हलता एकमेकांना 'सरका की, सरका की' करतायत. मी चटणीत लोळतोय आणि हात हलवून सगळ्यांना शिव्या देतोय.

तेवढ्यात गॅलरीत ऋतुजा दिसली. एका हातात दह्याचं पातेलं. तिनं जिन्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कठड्यावर हात टेकून पाय बाहेर काढले. गॅलरीच्या खाली न्हाणीघराचा स्लॅब आहे. स्लॅबवर आली. स्लॅबवरून कट्ट्यावर, कट्ट्यावरून दगडावर, दगडावरून फरशीवर. कुठं एक संपलं आणि दुसरं सुरू झालं, ते कुणाला सांगता आलं नसतं. ओल्या फरशीवर पाय सुद्धा घसरला नाही. आणि माझ्याशेजारी गुडघे टेकून तिनं पातेलं माझ्या पोटावर पालथं केलं. गार! आई गं, काय सांगू, स्वर्ग!

"ऋते," मी म्हणालो, "तू मोजलं न्हाईस."

तिचा हात थांबला. तिनं मागं वळून गॅलरीकडं बघितलं. "व्हय की," ती म्हणाली. "विसरलो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं चटणी गेली. चटणी डोळ्यांत गेली नव्हती.

आबा खुर्चीतून उठले. आमच्याकडं आले नाहीत. न्हाणीघरापाशी गेले, स्लॅब बघितला. कट्ट्याजवळ वाकले. दगडाभोवती एक फेरी मारली. मग बोटानं फरशी चाचपून बघितली, सगळ्या वाटेवर.

"दही कुठं सांडलं न्हाय," ते म्हणाले.

परत एकदा मान वर करून स्लॅबकडं बघितलं.

"पाय टाकायच्या आधी जागा बघती पोरगी. अंग हातात हाय तिच्या. मला वाटलं हुतं नुसत्या माकडउड्या असत्यात." मग ते थोडे खाकरले. "उद्याची वाट बघू नगंस. आताच कळवून टाक पुण्याला."

ऋतुजा दह्याच्या हातानं आबांच्या गळ्यात पडली. आबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर दही आणि चटणी दोन्ही लागलं आणि त्यांनी एक शब्द काढला नाही. मी चटणीतून मान वर केली. शेवटी सगळं माझ्यामुळंच जमून आलं होतं, कुणीतरी तसं म्हणावं, एवढीच अपेक्षा होती.

"आबा, मग माझं कसं वाटलं?"

"तू चादरीवरनं उठ," आबा म्हणाले.

कडेची चटणी मंगलनं वाचवली. मधली, जिथं माझा पूर्ण आकार उमटला होता, तीही तिनं टाकली नाही. वेगळ्या बरणीत भरली, बरणीवर माझं नाव लिहिलं, आणि तेव्हापासून माझ्या ताटात तीच वाढते. मला आतापर्यंत तीन वेळा दही मिसळलेली लागली आणि एकदा बनियनचा धागा सापडला.

ऋतुजा पुण्याला जाऊन आली. आता दर रविवारी आमच्या परसात गल्लीतल्या दहा-बारा पोरीपोरांना शिकवते. आबा खुर्चीत बसून शिट्टी वाजवतात आणि कुणी अडखळलं तर सगळ्यांच्या आधी ओरडतात. परवा मुरगूडहून एक पावणे आले होते. त्यांनी हा सगळा प्रकार बघितला आणि कौतुकानं मला विचारलं, "काय हो, तुमी पण करता व्हय ह्यात काय?"

"म्हंजे काय!" मी छाती पुढं काढली. "माझ्याशिवाय पान हलत न्हाय हितं. नवीन पोरांची पहिली उडी माझ्याच हाताखालनं, म्हंजे..."

"पप्पा!" ऋतुजानं हाक मारली. "पोरं खोळंबल्यात. या की लवकर, वाका!"

गेलो आणि वाकलो. एकामागून एक अकरा पोरं माझ्या पाठीवर हात टेकून पलीकडं गेली, आणि पावण्यांनी टाळ्या वाजवल्या.